मुलं रंगवतात त्या फुलपाखराच्या चित्रामागे आहे ३५० वर्षांपूर्वीची एक बाई

शाळेत फुलपाखराचं जीवनचक्र शिकवलं की एक कागद हमखास घरी येतो. पानावर ठिपक्यांसारखी अंडी, शेजारी पान कुरतडणारा सुरवंट, काडीला लटकलेला कोष आणि वर पंख पसरलेलं फुलपाखरू. मग खडू निघतात, रंग भरले जातात, कधी पंख कापून घडी घातली जाते आणि फुलपाखरू फ्रिजवर चिकटतं.

पण या चारही गोष्टी एकाच कागदावर, त्याही सुरवंट ज्या झाडाची पानं खातो त्या झाडासकट काढायची कल्पना पक्की कुणी केली?

त्यासाठी जर्मनीत जावं लागतं. नाव आहे मारिया सिबिला मेरियन.

१३ वर्षांची मुलगी आणि रेशमाचे किडे

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ ला फ्रँकफर्टमध्ये झाला. वडील मॅथेउस मेरियन हे नावाजलेले प्रकाशक आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारे कारागीर. ती ३ वर्षांची असताना ते वारले. आईनं याकोब मारेल या चित्रकाराशी दुसरं लग्न केलं. मारेल फुलांची चित्रं काढायचे. रंग कसे घोटायचे, ब्रश कसा धरायचा हे सगळं मारिया या सावत्र वडिलांकडेच शिकली.

१३ व्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. मग इतर सुरवंट गोळा करून डब्यात ठेवायचे, रोज ताजी पानं घालायची आणि काय होतं ते बघत बसायचं, असा नादच लागला. जे दिसेल ते ती लगेच छोट्या चर्मपत्रावर रंगवून ठेवायची.

त्या काळी किडे चिखलातून किंवा कुजलेल्या वस्तूंमधून आपोआप तयार होतात, असं भलेभले मानायचे. १६६८ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को रेडीनं प्रयोग करून या समजाला धक्का दिला. मारियाची निरीक्षणं त्याच्या ८ वर्षं आधीच सुरू झाली होती, तीही घरातल्या डब्यांमध्ये.

भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक

१६६५ मध्ये तिचं लग्न योहान ग्राफ या चित्रकाराशी झालं. मोठी मुलगी झाल्यावर कुटुंब न्यूरेमबर्गला आलं. तिथे मारिया मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची.

१६७५ पासून तिनं फुलांच्या चित्रांचं पुस्तक ३ भागांत छापलं. ते भिंतीवर लावायला किंवा कपाटात ठेवायला नव्हतंच. चित्र गिरवा, रंगवा, कापडावर उतरवा आणि भरा, असा त्याचा उपयोग. आज त्याच्या फार थोड्या प्रती शिल्लक आहेत, कारण लोकांनी ते अक्षरशः वापरून संपवलं.

हीच पुस्तकं साध्या काळ्या रेषांतही मिळायची आणि हातानं रंगवलेलीही. रंगवलेली प्रत अर्थातच महाग. पुढे घरात रंग भरायचं काम तिच्या दोन्ही मुलीही करू लागल्या.

तिची एक युक्तीही होती. छापलेला कागद ओला असतानाच त्यावर दुसरा कागद दाबायचा. त्यावर रेषा फिकट उमटतात. रंग भरला की चित्र छापील न वाटता थेट हातानं काढल्यासारखं दिसतं.

सुरवंट आणि त्याचं झाड

१६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पुस्तक आलं. त्यात ५० चित्रं होती. १६८३ मध्ये आणखी ५० चित्रांचा दुसरा भाग आला.

सुरवंट आणि फुलपाखरांची चित्रं तिच्या आधीही निघाली होती. डच चित्रकार यान खुडार्टनं सुरवंट, कोष आणि फुलपाखरू दाखवलं होतं. पण त्यात अंडी नव्हती आणि झाडही नव्हतं. मारियानं झाड मधोमध आणलं. कोणता सुरवंट कोणत्या झाडावर जगतो, ते झाड नसेल तर तो उपाशी कसा मरतो, काही कोषांतून फुलपाखराऐवजी माश्याच का बाहेर येतात, हे सगळं तिनं नोंदवलं. आज याला आपण परिसंस्था म्हणतो. तेव्हा हा शब्दही नव्हता.

५२ व्या वर्षी जहाजावर

१६८५ मध्ये ती नवऱ्याला सोडून आई आणि दोन्ही मुलींसह नेदरलँड्समधल्या एका कडक धार्मिक पंथात राहायला गेली. नवरा न्यायला आला, ती गेली नाही. १६९१ मध्ये ती ॲमस्टरडॅमला आली. तिथल्या श्रीमंतांच्या संग्रहात लांबच्या देशांतली फुलपाखरं टाचणीला टोचून ठेवलेली असायची. त्यांचे सुरवंट कसे दिसतात, ते काय खातात, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग तिनं स्वतःच जायचं ठरवलं. स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केले, मृत्युपत्र केलं आणि १६९९ मध्ये २१ वर्षांच्या धाकट्या मुलीला, डोरोथियाला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचं जहाज पकडलं.

सुरीनाम ही डच वसाहत होती. तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या जिवावर उसाची शेती चालायची. साखर सोडून किडे शोधणाऱ्या या बाईची मळेवाल्यांनी टिंगल केली. तिला जंगलात वाट काढून देणारे, किडे आणि झाडं आणून देणारे, त्यांचे उपयोग सांगणारे होते गुलाम आणि मूळ रहिवासी. त्यांची मदत तिनं पुस्तकात मान्य केली, पण त्यांची नावं लिहिली नाहीत. तिच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते.

तरीही एक नोंद तिनं गाळली नाही. शंकासुराच्या झाडाच्या चित्राशेजारी तिनं लिहिलं की, आपली मुलं गुलामगिरीत जन्मू नयेत म्हणून गुलाम बायका त्याच्या बिया खाऊन गर्भ पाडतात. फुलाचं सुंदर चित्र आणि शेजारी ही माहिती. युरोपातल्या वाचकांपर्यंत ती या पुस्तकामुळे पोचली.

कोळ्यावरून झालेली थट्टा

आजारपणामुळे १७०१ मध्ये तिला परतावं लागलं. १७०५ मध्ये ६० चित्रांचं सुरीनामचं मोठं पुस्तक आलं. पहिलंच चित्र अननसाचं आणि त्यावर फिरणाऱ्या झुरळांचं.

एका चित्रात मोठा कोळी छोट्या पक्ष्याला खाताना दाखवलाय. १९ व्या शतकात काही अभ्यासकांनी या बाईनं थापा मारल्यात म्हणून तिची खिल्ली उडवली. पुढे १८६३ मध्ये हेन्री बेट्सनं ॲमेझॉनच्या जंगलात कोळ्यानं मारलेले पक्षी पाहिल्याचं लिहिलं आणि थट्टा थांबली. तिच्या काही चित्रांत चुका होत्या हेही खरं, पण कोळ्याचं चित्र खोटं नव्हतं.

१३ जानेवारी १७१७ ला ॲमस्टरडॅममध्ये तिचं निधन झालं. रशियाच्या पीटर द ग्रेटसाठी तिची चित्रं विकत घेतली गेली आणि डोरोथियाही त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला कामाला गेली. पुढे लिनियसनं प्राण्यांना शास्त्रीय नावं देताना मारियाच्या चित्रांचा आधार घेतला. युरो येण्याआधी जर्मनीच्या ५०० मार्कच्या नोटेवर तिचाच चेहरा होता.

आता मुलांच्या हातातला कागद पुन्हा बघा. बऱ्याच कागदांवर सुरवंटाच्या खाली कुठलंही एक हिरवं पान असतं. मारियाला ते चाललं नसतं. आपल्याकडचं लिंबू फुलपाखरू अंडी घालतं ते लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर. घरात कुंडी असेल तर रंग भरण्याआधी मुलांना ती पानं उलटून बघायला सांगा. अंडी सापडली, तर तो कढीपत्ता काही दिवस फोडणीला तोडू नका.