माती-पाण्याचा हिशेब मांडणारे महात्मा फुले

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ मध्ये झाली. पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्ह्यांच्या शेतीची जबाबदारी असलेले हे विद्यापीठ महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखले जाते. ज्वारी, हरभरा, सोयाबीन, ऊस अशा अनेक पिकांच्या वाणांमागे ‘फुले’ हे नाव लागते आणि गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत ते रोज उच्चारले जाते. मात्र मुलींची पहिली शाळा काढणारे, जातिभेदाविरुद्ध लढणारे समाजसुधारक हीच जोतीरावांची ओळख शहरी वाचकाच्या मनात ठसलेली असते. त्यामुळे शेतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव हा केवळ गौरवाचा भाग वाटू शकतो. वस्तुतः माती, पाणी, जंगल, जनावरे, यंत्रे आणि सरकारी तिजोरी यांचा एकत्रित विचार करणारे ते एकोणिसाव्या शतकातील मोजक्या विचारवंतांपैकी एक होते. शाश्वत विकास हा शब्द रूढ होण्यापूर्वी शंभर वर्षे त्यांनी त्यामागचा प्रश्न ओळखला होता.

मळ्यातून शाळेत

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले. ते वर्षभराचे असतानाच आई चिमणाबाई निवर्तल्या. वडील गोविंदराव आणि मायेने सांभाळ करणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर यांच्या छत्राखाली ते वाढले. प्राथमिक शिक्षणानंतर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधल्या काळात मातीत घातलेले हात पुढे त्यांच्या लेखणीला फार उपयोगी पडले. नांगर, मोट, खत आणि बी-बियाणे यांविषयी ते लिहितात तेव्हा ती पुस्तकी माहिती वाटत नाही.

नगरशी त्यांचा संबंध याच तरुणपणात आला. अमेरिकन मिशनच्या मिस फरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवीत असत. मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासोबत जोतीरावांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे प्रशिक्षण नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे घेतले. समाजाच्या रोषापोटी १८४९ मध्ये पती-पत्नीला घर सोडावे लागले. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने प्रथम माणुसकीचा होता. अर्थशास्त्राचा विचार त्यानंतर आला.

धरणाच्या कामावर

समाजकार्यासाठी त्यांनी कोणाच्या देणगीवर विसंबून राहणे पसंत केले नाही. धातू ओतण्यासाठी लागणाऱ्या मुशींची विक्री, बांधकामाला लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा आणि सरकारी कामांचे ठेके हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. येरवड्याच्या पुलासाठी त्यांनी साहित्य पुरवले. मुठा नदीवरील खडकवासला धरणाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. १८६९ मध्ये सुरू झालेले हे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्या काळातील हे अत्याधुनिक तंत्रज्ञान होते. पुण्याला पिण्याचे पाणी आणि कालव्याखालील गावांना ओलीत असा त्याचा दुहेरी हेतू होता.

ठेकेदार म्हणून जोतीरावांनी बांधकाम खाते आतून पाहिले. दगड फोडणाऱ्या मजुराच्या हाती किती पडते आणि कागदोपत्री किती खर्च दाखवला जातो, यातील अंतर त्यांना दिसले. या अनुभवामुळे ते धरणांच्या विरोधात गेले नाहीत. उलट कालव्याचे पाणी आल्यानंतर त्यांनी पुण्याजवळ मांजरी येथे जमीन घेऊन बागायती शेती केली. नव्या पाण्यावर नवी पिके घेता येतात, हे त्यांनी परिसरातील शेतकऱ्यांना दाखवून दिले. तंत्रज्ञानाचा स्वीकार आणि त्याच्या कारभारावर कडक नजर ही त्यांची पुढील सर्व लेखनातील भूमिका येथेच घडली.

दुष्काळ आणि असूड

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्यांच्याकडील कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी धनकवडी येथे बालाश्रम चालवला. १८७८ मध्ये जंगल कायदा झाला आणि ज्या रानावर गावाची गुरे, सरपण आणि खत अवलंबून होते, त्या रानाभोवती सरकारी हद्दी आखल्या गेल्या. १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आला, पण तो मुळाशी गेला नाही.

या सर्व घटनांचा परिपाक म्हणजे ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ मध्ये जोतीरावांनी हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील काही भाग त्यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांना वाचून दाखवला होता. धर्माच्या नावाखाली होणारी लूट, गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषाराम आणि देशी कामगारांची मनमानी यांवर त्यात प्रखर टीका आहे. मात्र शेवटच्या प्रकरणात टीकाकार मागे सरतो आणि उपाय सुचवणारा नियोजनकार पुढे येतो. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरील नावाला खरा अर्थ या प्रकरणाने दिला आहे.

खताचे चक्र

जोतीरावांच्या मांडणीचा पाया मातीच्या सुपीकतेत आहे. डोंगरावरील झाडांची पाने, गवत, फुले, मेलेले किडे-प्राणी आणि जनावरांचे शेण कुजून पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येते. हे निसर्गाचे फुकटचे खत. जंगल खात्याने रान बंद केले, गायराने काढून घेतली, तेव्हा जनावरांची संख्या घटली. शेणखत कमी झाले, जमिनीचा कस उतरला, उत्पन्न घसरले. शेतसारा मात्र कमी झाला नाही. सारा भरण्यासाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी जमीन, अशी ही साखळी होती. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे कारण त्याच्या आळसात किंवा लग्नातील खर्चात शोधणाऱ्या तत्कालीन विद्वानांना जोतीरावांनी मातीपासून सुरू होणारा हा हिशेब समोर ठेवून उत्तर दिले.

त्यावरचे उपायही त्यांनी तपशिलाने दिले. लष्करातील आणि पोलिस खात्यातील रिकाम्या शिपायांना कामाला लावून जागोजाग ताली आणि बंधारे बांधावेत. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे आणि मगच ओढ्या-नाल्यांना मिळावे, अशी त्यांची रचना असावी. डोंगरदऱ्यांत तळी-तलाव करावेत. नदी-नाले आणि तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. रानातून सरपणासाठी काटक्या आणि शेतासाठी राब तोडण्याची मुभा असावी, पण विक्रीसाठी इमारती लाकूड तोडू देऊ नये. जंगल वाढू शकेल इतकेच त्यातून घ्यावे, हा विचार या एका फरकात सामावला आहे. परदेशातून शेळ्या-मेंढ्यांची उत्तम बेणी आणावीत, म्हणजे लोकरीचे उत्पन्न मिळेल आणि शेताला लेंडीखतही. जमिनीखालच्या पाण्याचा शोध घेणाऱ्या पाणाड्यांची मदत घेऊन गावोगावच्या झऱ्यांची नोंद करावी, असेही त्यांनी सुचवले.

प्रत्येकाला तोटी

कालव्याच्या पाण्याबाबत त्यांची सूचना आजही चकित करते. पाटबंधारे खाते शेतकऱ्याकडून पूर्ण पाणीपट्टी घेत असे, पण पिकाला पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळाले की नाही, याचे उत्तरदायित्व कोणावरच नव्हते. धरणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र रयतेच्या माथी होते. यावर जोतीरावांनी मागणी केली की, प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या पाण्याच्या प्रमाणात एकेक तोटी करून द्यावी. मोजून पाणी, मोजून पट्टी. पाणी वाया जाणार नाही आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर पीक अवलंबून राहणार नाही. काटकसर आणि न्याय या दोन्ही गोष्टी एकाच साधनातून साधण्याचा हा मार्ग होता.

यंत्रांविषयीही त्यांचे मत एकांगी नव्हते. विलायतेच्या कारखान्यांतून येणाऱ्या स्वस्त मालाने येथील विणकर आणि कारागीर देशोधडीला लागले आणि त्यांचा भार शेतीवर पडला, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही यंत्रे नाकारावीत असे त्यांना वाटत नव्हते. शेतकऱ्यांच्या मुलांना सुतारकाम, लोहारकाम आणि शेतीशास्त्र शिकवावे, दरवर्षी शेतमालाची आणि अवजारांची प्रदर्शने भरवावीत, उत्तम शेती करणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांतून शेतीचे मूलभूत ज्ञान देण्याची आणि त्यासाठी लहान नमुना शेते असण्याची गरज मांडली. यंत्र कोणाच्या हाती आहे आणि ते चालवण्याचे ज्ञान कोणाला मिळाले आहे, यावर त्याचे बरे-वाईट ठरते, हे त्यांना उमगले होते.

त्यांच्या विचारांना मर्यादाही होत्या. हे सर्व बदल सरकारने वरून करावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्या परकीय सरकारला साऱ्याच्या उत्पन्नाची गरज होती, ते शिपायांकडून ताली बांधून घेण्याची शक्यता नव्हती. सूचना कागदावर राहिल्या. तरीही ते बोलत राहिले. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि देशाची खरी स्थिती राजपुत्रापुढे मांडली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. हे पुस्तक त्यानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

राहुरीच्या शिवारात

राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर २६ टीएमसी क्षमतेचे धरण आहे. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. उत्तम जातीची जनावरे आणि शेतीचे शिक्षण या जोतीरावांच्या दोन मागण्या येथे प्रत्यक्षात आल्या. तोटीच्या मागणीला मात्र फार वाट पाहावी लागली. सिंचनाचे पाणी घनमापनाने मोजून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना देण्याची तरतूद राज्याने २००५ च्या कायद्याने केली, म्हणजे ‘असूड’ लिहून झाल्यानंतर १२२ वर्षांनी. मुळेच्याच लाभक्षेत्रात नेवासे तालुक्यातील चांदा येथील शेतकऱ्यांनी अशा संस्थेचा प्रयोग त्याआधीच केला होता. धरणातील गाळ शेतात नेण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली.

आज चर्चा सौर पंपांची, उसाच्या चिपाडापासून होणाऱ्या विजेची आणि इथेनॉलची आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ मध्ये केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू झाली. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाण्याचा शेतकऱ्याचा त्रास यातून कमी होतो, हा मोठा लाभ आहे. पण सूर्याच्या उर्जेला बिल नसते, त्यामुळे जमिनीखालचे पाणी उपसण्यालाही मर्यादा उरत नाही. इथेनॉलने परकीय चलन वाचते, पण त्यासाठीचा ऊस पाणी मागतो आणि ते पाणी शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीतूनही येऊ शकते. ऊर्जा हरित झाली म्हणून तिच्यावर चालणारी शेती आपोआप शाश्वत होत नाही.

जोतीरावांच्या काळी सौर पंप नव्हता, इथेनॉलही नव्हते. त्यांच्या ग्रंथात या प्रश्नांची तयार उत्तरे सापडणार नाहीत. सापडते ती तपासणीची पद्धत. नव्या योजनेने जमिनीचा कस वाढतो की घटतो, पाणी मोजले जाते की नाही, खर्चाचा बोजा कोणावर पडतो आणि ज्ञान कोणाच्या मुलाला मिळते, या चार कसोट्या त्यांनी खडकवासल्याच्या कालव्याला लावल्या होत्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून आणि त्याभोवतीच्या शिवारातून पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या तंत्रालाही त्या लावल्या जायला हव्यात.