बाबासाहेबांची विधेयके आणि सरकारची मर्जी

२००६ मध्ये उल्हासनगरची अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी सरकारने या एका शहरापुरता खास कायदा केला. सरकारने मनावर घेतले की कायदा होतो. मग एकट्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाचे काय होते? याचे उत्तर बाबासाहेबांच्या जीवनात आहे.

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात नामनियुक्त सभासद म्हणून बसले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराचे अख्खे घर अपुऱ्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकी व सरकारी चाकरीला जुंपलेले होते. पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, अशी वाट त्या विधेयकात होती. ते प्रवर समितीकडे गेले आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना मागे घ्यावे लागले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले. आता सरकार काँग्रेसचे होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, तरी विधेयकाचा कायदा झाला नाही. पुढे बाबासाहेब स्वतः कायदामंत्री झाले, पण हिंदू कोड बिल मंत्रिमंडळानेच बाजूला ठेवले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. म्हणजे मागणी आमची, मुहूर्त मात्र सरकारचा!

ब्रिटनमध्ये सरकार आपली काही तयार विधेयके सोडतीत नाव निघालेल्या सभासदांच्या हाती देते आणि ती तडीस नेते. जे सरकारला नको, ते तेथेही सहसा अडते. आपल्या संसदेत १९७० नंतर एकाही अशासकीय विधेयकाचा कायदा झालेला नाही.

मग विधेयक मांडायचेच कशाला? मांडायचे ते सरकारला उघडे पाडण्यासाठी आणि समाजाला जागे करण्यासाठी. बाबासाहेबांनी सभागृहात विधेयक ठेवले आणि रस्त्यावर माणसे उभी केली. अंबरनाथ मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बांधवांनी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढेच विचारावे, असे आम्हाला वाटते : आमच्यासाठी किती विधेयके मांडलीत? आणि मांडणाऱ्याच्या पाठीशी रस्त्यावर उभे राहण्याची आपली तयारी आहे का, हे स्वतःलाही विचारावे. जय भीम!