तिकीट लावून वाचवलेली बाळे

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल कापसात गुंडाळायचे आणि दैवावर सोपवायचे, असाच एके काळी बहुतेक ठिकाणी रिवाज होता. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवणारे यंत्र पाहिले आणि १८८० मध्ये तशीच उबदार पेटी आपल्या प्रसूतिगृहात बसवली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्यूचे प्रमाण ६६ वरून ३८ टक्क्यांवर आले. ही पेटी अमेरिकेत लोकांच्या ओळखीची केली मार्टिन कूनी यांनी, आणि तीही जत्रेत!

कूनी १८६९ मध्ये आजच्या पोलंडमधील क्रोतोशिन येथे जन्मले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या किनाऱ्यावर १९०३ पासून चाळीस वर्षे ते इन्क्युबेटरमधली बाळे २५ सेंटच्या तिकिटावर दाखवत. लोक झोक्यांत बसत, खाऊ खात आणि जाता जाता ही चिमुकली बाळे पाहत.

वाचताना मला राग आला. पण सारी नोकरी बँकेत झालेली, त्यामुळे आधी जमाखर्च पाहिला. एका बाळामागे रोज सुमारे १५ डॉलर खर्च येई. दूध पाजणाऱ्या दाया, परिचारिका, डॉक्टर, सगळे त्या तिकिटांवर चाले. आईबापांकडून कूनी छदामही घेत नसत. तेव्हा बहुतेक अमेरिकी रुग्णालयांत अशा बाळांची वेगळी सोयच नव्हती. १९०७ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी हिल्डगार्ड अपुऱ्या दिवसांची जन्मली. तिलाही त्यांनी अशाच पेटीत वाढवले. पुढे ती परिचारिका होऊन वडिलांच्या हाताखाली काम करू लागली.

कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवत, पण त्यांची पदवी अभ्यासकांना कुठेच सापडलेली नाही. हे झाकण्यात अर्थ नाही. आठ हजारांपैकी साडेसहा हजार बाळे वाचवल्याचा आकडाही त्यांचाच. त्यातला निम्मा खरा धरला, तरी तीन हजारांवर घरांतले पाळणे रिते राहिले नाहीत.

१९३९-४० च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांना मोठी खोट बसली. १९४३ मध्ये शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने असा विभाग उघडला, तेव्हा आपले काम झाले असे मानून त्यांनी खेळ आवरता घेतला. १९५० मध्ये ते वारले, तेव्हा गाठीशी फारसे काही उरले नव्हते. माझ्या हिशेबी त्यांचे खाते तरीही जमेचेच आहे.