ताराबाई मोडक : मुलांच्या दारी शाळा नेणाऱ्या शिक्षिका

शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांच्या संदर्भात ‘गळती’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. दोष गळणाऱ्याचाच, असे त्यातून नकळत सूचित होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा दोष शाळेच्या पदरी घातला आणि आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे शाळेची घडी बदलण्यात वेचली.

प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक कुटुंबातील संसार फार काळ टिकला नाही. पदरी लहान मुलगी असताना त्यांनी अध्यापनाचा आधार घेतला. राजकोटला स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचे त्यांचे कार्य, नूतन बालशिक्षण संघाची १९२६ मधील स्थापना आणि ‘शिक्षणपत्रिका’ यांमुळे गुजराती व मराठी या दोन्ही भाषांतील पालकांना बालशिक्षणाची नवी दृष्टी लाभली. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत, दादरला, ‘शिशुविहार’ सुरू केले.

मात्र हे सारे कार्य सुशिक्षित पांढरपेशा घरांपुरते राहत आहे, हे शल्य त्यांना होते. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी उघडली, तरी दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच वस्तीवर गेली आणि झोपडीपुढच्या अंगणात भरू लागली. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. ‘अंगणवाडी’ ती हीच.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलांच्या शाळेआड येणारी कारणे तेथे एकेक करून तपासली गेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत यावी, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक गुरांमागे माळावर जाऊ लागले, ती ‘कुरणशाळा’. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालले.

कुरणशाळेमुळे मुलांच्या श्रमांना मान्यता मिळते, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. परंतु घरचा घास त्या गुरांवर अवलंबून असताना दारिद्र्य हटेपर्यंत थांबायचे, तर त्या मुलांचे बालपण अक्षरओळखीवाचून सरले असते. वाट पाहणे ताराबाईंना मंजूर नव्हते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, कोसबाडचा वसा चालवला. शाळेतील रिकामी जागा पाहून ते मूल कोठे आहे याचा शोध घेणे, हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. ताराबाईंच्या चरित्राचे सार यातच आहे.