रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत आजही जी पदे गायिली जातात, त्यांतील अनेक पदांचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक हे होत. शाळेत शिकलेल्यांना ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ठाऊक असतात. ‘वनवासी फूल’ आणि ‘केवढे हे क्रौर्य!’ या त्यांच्या कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून वाचल्या गेल्या आहेत.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई काव्यप्रेमी, तर वडील अत्यंत कडक स्वभावाचे होते. आईच्या निधनानंतर नारायणरावांनी घर सोडले व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. पुढे जलालपूरच्या गोखले यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. टिळक एका गावी स्थिरावत नसत आणि त्यांच्या हाती पैसाही टिकत नसे. शिक्षक, कीर्तनकार, संपादक अशी नाना कामे त्यांनी केली. संसाराचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडे.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. जातिभेदाने व्यथित झालेले त्यांचे मन त्या वाचनात गुंतत गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांनी पत्नीच्या संमतीवाचून घेतला. पदरी लहान मुलगा, पती परधर्मात गेलेला आणि भोवती सनातनी आप्तेष्ट, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी काढलेली वर्षे आठवली, म्हणजे टिळकांच्या सत्यनिष्ठेचा आदर बाळगूनही त्यांच्या या वागण्याचे समर्थन करणे कठीण वाटते.

चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर उभयता अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी भागात पुन्हा एकत्र नांदू लागली. आरंभी लक्ष्मीबाई सोवळे सांभाळीत, स्वयंपाक वेगळा करीत. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. हळूहळू त्यांच्या मनातील जातिभेदाची भावना आपोआप गळून पडली आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

१९०४ च्या सुमारास टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळींत प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे कष्टकरी लोक होते. त्यांच्या कानांना भजन-कीर्तनाची सवय होती. उपासनेत मात्र बहुतांशी परक्या चालींवरील भाषांतरित गीते म्हटली जात. ही विसंगती टिळकांना सलत होती. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर पोसलेल्या या कवीने ख्रिस्तभक्तीसाठी अभंग व ओवी हे छंद योजिले आणि कीर्तनाचीही कास धरली. ‘अभंगांजली’ हा त्याच साधनेचा प्रसाद होय. धर्म बदलला, तरी देश आणि भाषा बदलत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही ते पाहत असत.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाने आपल्या कवितेने सर्वांना मोहून टाकले. हेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांना आपल्या घरी मायेने ठेवून घेतले. घरात चणचण असली, तरी आल्यागेल्याला आसरा द्यावयाचा, ही टिळकांची रीतच होती.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्वच ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. परंतु हे कार्य मूळ धरण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले होते. विवाहाच्या वेळी अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते पूर्ण केले. टिळकांचे गुण आणि उणिवा दोन्ही निःसंकोचपणे सांगणारे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्रही त्यांचेच.