खडकांतील कालरेषा वाचणारे शिक्षक : चार्ल्स लॅपवर्थ

पृथ्वीच्या प्राचीन इतिहासाचे भूशास्त्रज्ञांनी महाकल्प, कल्प आणि त्यांहूनही लहान असे कालखंड पाडले आहेत. ही विभागणी घड्याळाच्या तासांसारखी समान नाही. खडकांच्या थरांत जेथे जीवसृष्टी पालटलेली दिसते, तेथे सीमारेषा आखली जाते. आणि ते थर ज्या प्रदेशात प्रथम नीट अभ्यासले गेले, त्या प्रदेशाचे किंवा तेथील प्राचीन लोकांचे नाव अनेकदा त्या कालखंडास मिळते. अशाच एका कल्पाला नाव देण्याचा मान चार्ल्स लॅपवर्थ यांना लाभला, आणि तो मिळवून देणारे संशोधन त्यांनी शाळेत शिक्षक असताना केले.

लॅपवर्थ यांचा जन्म 1842 साली इंग्लंडमधील फॅरिंग्डन येथे झाला. कलहॅम येथील अध्यापक विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि 1864 साली स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील गॅलाशील्स या कापडगिरण्यांच्या गावी ते शाळेत रुजू झाले. भूशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. गावाभोवतीच्या डोंगरांनीच त्यांना या विषयाची गोडी लावली.

त्या काळी भूशास्त्रात एक मोठा वाद धुमसत होता. केंब्रिजचे प्राध्यापक ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन या दोन मित्रांनी वेल्समधील प्राचीन खडकांचा अभ्यास केला होता. सेजविक जुन्या थरांपासून वर चढत आले, तर मर्चिसन नव्या थरांपासून खाली उतरत गेले. वेल्सच्या लॅटिन नावावरून सेजविक यांनी आपल्या खडकांना कँब्रियन म्हटले; मर्चिसन यांनी सिल्युरिस या प्राचीन जमातीवरून सिल्युरियन हे नाव निवडले. 1835 साली दोघांनी ही नावे एकत्रच मांडली. परंतु मधल्या थरांवर दोघांचाही हक्क असल्याचे पुढे दिसून आले. त्यातून मैत्री तुटली. 1855 साली मर्चिसन भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले आणि सरकारी नकाशांवर त्यांच्याच नावाचा अंमल राहिला. मर्चिसन 1871 साली व सेजविक 1873 साली निवर्तले, तरी वाद मिटला नाही.

इकडे लॅपवर्थ मॉफॅटजवळच्या डोंगरांत काळ्या शेल खडकांचे पापुद्रे उलगडत होते. त्या खडकांत ग्रॅप्टोलाइट नावाच्या नामशेष सागरी जीवांचे ठसे असतात. हे जीव वसाहती करून राहत आणि त्यांपैकी बरेच समुद्राच्या पाण्यात तरंगत असत. त्यांचे जीवाश्म पाटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघांसारखे दिसतात. सामान्य माणूस त्या रेघांकडे ढुंकूनही पाहणार नाही. लॅपवर्थ यांनी मात्र प्रत्येक थरातून नमुने वेगळे काढले, कोणता प्रकार कोठे सापडला याची बारकाईने नोंद ठेवली आणि नकाशे रेखाटले.

या चिकाटीचे फळ विलक्षण होते. शेलचे पट्टे डोंगरांत पुन्हापुन्हा दिसत असल्यामुळे तेथे हजारो फूट जाडीचे थर एकावर एक रचलेले आहेत, असा समज होता. ग्रॅप्टोलाइटांचा क्रम लावून लॅपवर्थ यांनी दाखवले की हा मूळचा सुमारे शंभर मीटर जाडीचा एकच शैलसमूह आहे; तोच घड्या पडून आणि तुटून वारंवार वर आला आहे. हे संशोधन 1878 साली प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी त्यांनी जुन्या वादाला हात घातला. या खडकांत जीवसृष्टीचे एकामागोमाग एक असे तीन स्पष्ट समुदाय आढळतात. मग दोनच नावांसाठी ओढाताण कशाला? सर्वांत खालचे थर कँब्रियन राहावेत, वरचे सिल्युरियन राहावेत आणि मधल्या वादग्रस्त थरांना स्वतंत्र कल्प मानावे, असे त्यांनी सुचवले. नावही वेल्समधूनच घेतले. रोमन सत्तेशी झुंजलेल्या ऑर्डोव्हिसीस या जमातीवरून त्यांनी या कल्पाला ऑर्डोव्हिसियन म्हटले. या निवाड्यात दोन्ही थोर पुरुषांची नावे अबाधित राहिली. मात्र सीमा ठरली ती कोणाच्या पदावरून नव्हे, तर खडकांच्या साक्षीवरून.

हे नाव सर्वांनी तात्काळ स्वीकारले नाही. आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेची अधिकृत मान्यता मिळण्यास 1960 साल उजाडावे लागले. लॅपवर्थ यांची योग्यता मात्र त्यांच्या हयातीतच ओळखली गेली. 1881 साली ते बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1899 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना वोलॅस्टन पदक दिले आणि पुढे ते त्या संस्थेचे अध्यक्षही झाले. स्त्रियांना वैज्ञानिक संस्थांची दारे बहुतांशी बंद असण्याच्या त्या काळात गर्ट्रूड एलिस आणि एथेल वुड या दोन संशोधक स्त्रियांनी ब्रिटनमधील ग्रॅप्टोलाइटांवरील महाग्रंथ सिद्ध केला, तो लॅपवर्थ यांच्या संपादनाखाली. 1901 ते 1918 या काळात तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. 1920 साली लॅपवर्थ यांचे निधन झाले.

मॉफॅटजवळ डॉब्ज लिन नावाची एक घळ आहे. लॅपवर्थ यांनी जेथे ग्रॅप्टोलाइट वेचले, त्या स्थळांपैकी ती एक प्रमुख होय. ऑर्डोव्हिसियन कल्प संपून सिल्युरियन कल्प सुरू होण्याची सीमा जगात कोठे प्रमाण मानावी, हा प्रश्न 1980च्या दशकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांपुढे आला, तेव्हा त्यांनी याच घळीतील एका पातळीची निवड केली. ती सीमा सुमारे 44 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीची आहे. आज जगातील कोणत्याही देशात त्या काळचे खडक सापडले, तरी त्यांचे वय सांगताना या घळीतील थराचा आधार घेतला जातो. सुटीच्या दिवशी हातोडी घेऊन डोंगर चढणाऱ्या त्या शिक्षकाचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असणार!