पत्त्याच्या कोपऱ्यातली सही

रविवारी रात्री जेवणं आटोपून मी डिशवॉशर लावत असते, नेमका तेव्हाच ताईंचा फोन येतो. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. येत्या आठवड्यासाठी त्या घरातल्या प्रत्येकाच्या नावाने टॅरोचा एकेक पत्ता काढतात. लहानपणी रस्त्याच्या कडेला पोपटवाला ज्योतिषी बसायचा, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती असं म्हणून मी बरीच वर्षं हे हसण्यावारी नेलं.

मग २०२३ मध्ये ह्यांची नोकरी गेली. त्या रविवारी माझ्या नावाने जो पत्ता निघाला, त्यात एक व्यक्ती रात्री अंथरुणात उठून बसलीय, तोंड ओंजळीत लपवलंय आणि मागच्या काळ्या भिंतीवर नऊ तलवारी आहेत. माझंच चित्र ते! ताईंनी भविष्य वगैरे काही सांगितलं नाही. तलवारी भिंतीवर आहेत, अंगाला एकही लागलेली नाही, एवढं दाखवलं. रात्री तीन वाजता ज्याची भीती वाटते ते सकाळी कागदावर लिही आणि प्रत्येकापुढे कोणाला फोन करायचा ते लिही, असं बजावलं. मॉर्गेज, हेल्थ इन्शुरन्स, लेकीची कॉलेजची फी. सोमवारी मी तीन फोन केले. नोकरी मिळायला पुढे सात महिने लागले, ती काही पत्त्याने आणून दिली नाही. पण त्या रात्री मी झोपले.

पुढे एकदा ताईंचा कॅट हातात घेऊन बघत बसले, तेव्हा चित्रांच्या कोपऱ्यात एक नागमोडी खूण दिसली. ती होती चित्रकर्तीची सही, पामेला कोलमन स्मिथ हिची. खोक्यावर मात्र रायडर आणि वेट ही दोनच नावं. पहिलं प्रकाशकाचं, दुसरं ज्यांनी कॅट तयार करवून घेतला त्या आर्थर एडवर्ड वेट यांचं. मग मी तिच्या मागेच लागले.

पामेला १८७८ साली लंडनमध्ये जन्मली, आईवडील अमेरिकन. बालपण मँचेस्टरला गेलं, १८८९ मध्ये वडिलांच्या नोकरीपायी बिऱ्हाड जमैकाला हललं. १८९३ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकायला आली. तू मूळची कुठली, या प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं असेल? आपल्या मुलांना विचारा, त्यांना ही अडचण पटकन कळेल. १८९६ मध्ये आई गेली, १८९७ मध्ये तिने पदवी न घेताच प्रॅट सोडलं आणि १८९९ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी जमैकात ऐकलेल्या, अनान्सी नावाच्या लबाड कोळ्याच्या गोष्टींचं तिचं सचित्र पुस्तक न्यूयॉर्कला निघालं.

मग ती लंडनला गेली. एलन टेरी या प्रख्यात नटीने तिला मायेने जवळ केलं आणि पिक्सी हे लाडकं नाव दिलं. १९०१ च्या सुमारास गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात ती दाखल झाली, तिथे वेटही होते. १९०३-०४ मध्ये तिने स्वतःचं मासिक चालवलं, ते १३ अंकांवर थांबलं. आपल्या मंडळाचा अंक ज्यांनी एकदा तरी काढलाय, त्यांना १३ हा आकडा लहान वाटायचा नाही! संगीत ऐकताना डोळ्यांपुढे जे येई ते ती कागदावर उतरवत असे. १९०७ च्या जानेवारीत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या आपल्या गॅलरीत तिची चित्रं लावली. तोवर तिथे फक्त छायाचित्रं लागत. रोदँ आणि मातीस यांची पाळी तिच्यानंतर, १९०८ मध्ये आली.

आणि १९०९ मध्ये हे टॅरोचं काम आलं. एकूण ७८ पत्ते. टॅरो मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीतला साधा पत्त्यांचा खेळ. त्यावरून भविष्य सांगायची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. (आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाही खेळायचेच पत्ते, त्यांच्यावर दशावतार असूनही.) जुन्या कॅटांतल्या अंकांच्या पत्त्यांवर बहुधा नुसती मांडणी असे, पाच पेले, नऊ तलवारी, दहा काठ्या, बस्स. मोठ्या २२ पत्त्यांत काय हवं ते वेट यांनी सांगितलं, पण अंकांच्या पत्त्यांत तिला बरीच मोकळीक होती असं अभ्यासक मानतात. एका जुन्या इटालियन कॅटातून काही कल्पना तिने उचललेल्या दिसतात. पण काठ्यांची मोळी कवेत घेऊन वाकून चाललेला माणूस, बाकावर बसून एकेक नाणं कोरणारा कारागीर, लाटांवर जहाजं डोलत असताना दोन नाणी झेलत तोल सांभाळणारा पोरगा, या सगळ्यांत तिने माणसं आणली, कामात असलेली. माझ्या मते दर आठवड्याला एक पत्ता काढून त्यात आपलं घर नि ऑफिस बघता येतं ते यामुळेच. भिंतीवर नुसत्या नऊ तलवारी असत्या, तर ताईंनी मला काय दाखवलं असतं?

कामाच्या मानाने पैसा फार थोडा मिळाला, असं तिने त्याच नोव्हेंबरात स्टिग्लिट्झ यांना पत्राने कळवलं.

पुढचं थोडक्यातच सांगते. १९११ मध्ये ती कॅथलिक झाली. वारशाचे थोडे पैसे आले, त्यातून कॉर्नवॉलमध्ये घर घेतलं. चित्रांना मागणी राहिली नव्हती. १८ सप्टेंबर १९५१ रोजी बूड या समुद्रकाठच्या गावी ती वारली. देणी फेडायला घरातलं सामान विकावं लागलं. थडगं कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेत हा कॅट घरोघरी पोचला तो १९७० नंतर, म्हणजे तिच्या पश्चात.

गेल्या गणपतीत ताईंकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या खोक्यावर मास्किंग टेप चिकटवून मार्करने तिचं पूर्ण नाव देवनागरीत लिहिलं. चांगलं खोकं खराब केलंस म्हणून ताई कुरकुरल्या. टेप मात्र त्यांनी अजून काढलेली नाही.